तुलसाबाईचं माहेर

"ताई, तुम्ही मेलेला माणूस शोधून देता का?"

प्रश्न पैजेचा होता. 'विचारून दाखव, मंग मानतो तुले,' असं म्हणून खुशबूनं आणि बाकीच्या पोरींनी मोनालीला आत ढकललं होतं. आता सगळ्या खिडकीबाहेर एकमेकींना चिमटे काढत उभ्या होत्या.

गोंदियात लग्नाच्या स्थळांची गुपचूप चौकशी करून देणाऱ्या नीतू मडावीनं मान वर केली. "कोण मेला?"

"तेच तर माहीत नाही." मोनाली बिसेन ऐटीत खुर्चीवर बसली. "समाजाची वंशावळ छापून राहिली. सौंदडच्या आमच्या जुन्या घरातली माझी खापरपणजी तुलसा, तिच्या बापाची जागा रिकामी आहे. बाबा तिथं आमगावच्या कुण्या बड्या माणसाचं नाव टाकायले निघाले. पुरावा नाही काही. खोटं नाव एकदा छापलं ना ताई, की खरा माणूस कायमचा गेला."

 नीतूनं मदतनिसाला हाक मारली. "भूपेंद्र, उठ. सौंदडची जुनी शिरगणती आणि घरपट्टी काढायची आहे."

"आत्ता? या उन्हात?"

"माझ्या आजोबानं आजीसाठी सालोसाल तिच्या बापाचा नांगर हाकला. तुले चार कागदांसाठी ऊन लागते?"

कागद मिळाले, पण गुंता वाढला. इंग्रजांच्या काळातल्या पहिल्या शिरगणतीत सौंदडच्या त्या घरात दोघंच होती: बिसराम गोंड आणि त्याची चिमुरडी तुलसा. दुसरीत त्यांच्यासोबत लक्ष्मीचंद नावाचा पोरगा. पुढे शेरा, 'कामकरी, बिनपगारी'. तिसरीत बिसराम गायब. लक्ष्मीचंद आणि त्याची बायको तुलसा. घरपट्टी आधी बिसरामच्या नावावर, नंतर लक्ष्मीचंदच्या.

लक्ष्मीचंद म्हणजे मोनालीचा खापरपणजोबा.

"बिसराम?" फुलचूरच्या घरी मोनालीचे वडील खेमराज हसले. "तो आमचा गडी. आमचं घर राखत होता. गोंड होता ना." एवढं बोलल्यावर त्यांना नीतूचं आडनावही गोंडांचंच असल्याचं आठवलं आणि त्यांनी घाईनं चिवड्याची बशी तिच्यापुढे सरकवली.

नीतूनं चिवडा घेतला. "मग घरपट्टी त्याच्या नावावर काऊन?"

"भरायले तोच जाये. कारकुनानं समोर दिसला त्याचंच नाव लिहून टाकलं."

"पटते," भूपेंद्र म्हणाला.

"आणि तुलसाबाई?"

"वाजतगाजत आणली होती आमगावहून. गड्याच्या पोरीचं नावही तुलसा असंल. कायले खोदून राहिल्या, मॅडम? हे पोट्टं तर येडं आहे."

पोट्टं, म्हणजे मोनाली, दारात उभं राहून सगळं ऐकत होतं.

सौंदडला खेमराजच्या आत्या, सुमित्राबाई, ओसरीत तांदूळ निवडत बसल्या होत्या. तुलसा म्हणजे त्यांची सख्खी आजी.

"लय हसे आजी. आम्हाले सासुरवास झाला की म्हणे, मले बाई तुमचं दुखणं समजत नाही, मी सासर पाह्यलंच नाही."

"सासू आधीच मेली असंल," भूपेंद्रनं निकाल दिला.

"नवा भात आला की काय करे?" नीतूनं विचारलं.

"पयले शेताच्या धुऱ्यावरच्या साजाच्या झाडाखाली ठेवे. तवापर्यंत कोणाले शिवू नाही दे. आम्ही अजूनही ठेवतो. काऊन, ते बी लिहून राहिली का?"

नीतूची पेन्सिल थांबली. तिनं वही मिटली. "झालं काम, आत्या."

संध्याकाळी फुलचूरच्या बैठकीत सगळे जमले.

"भाऊ, गडी बिसराम नव्हता," नीतू शांतपणे म्हणाली. "गडी लक्ष्मीचंद होता."

मोनालीचं बिस्कीट चहात पडलं. काढायचं तिला सुचलं नाही.

"पहिल्या शिरगणतीत लक्ष्मीचंद त्या घरात नव्हताच. मग बिसराम कोणत्या मालकाचं घर राखत होता? घर त्याचं, म्हणून पट्टी त्याची. पुढे हा पोरगा आला, बिनपगारी. आता सांगा, पगाराशिवाय परक्याच्या शेतात कोण राबते?"

"मूर्ख," भूपेंद्र म्हणाला.

"जावई. होणारा जावई. लग्नासाठी पोरीच्या बापाले द्यायले काही नसलं की पोरगा तिच्या बापाच्या घरी राबते. काम पसंत पडलं की लग्न. आमच्यात त्याले लमसेना म्हणतात. माझे आजोबा तेच होते. शिरगणतीवाल्याला हे ठाऊक नव्हतं, त्यानं दिसलं तसं लिहिलं."

"आम्ही माळव्यातून आलेले लोक," खेमराजांचा आवाज चिरकला. "आमचं पोर गोंडाच्या घरी?"

"का आलं, ते कागदात नाही. अनाथ असंल, उपाशी असंल. पण तुलसा लग्नानंतरही बापाच्याच घरात राहिली, म्हणून तिनं सासर पाहिलं नाही. आणि साजाच्या झाडात आमचा बडादेव राहते. नवं धान्य आधी त्याले. आमगावच्या तुमच्या समाजाच्या घरातली पोरगी हे कुठून शिकली असती?"

 खेमराज स्वतःच्या तळहातांकडे पाहत राहिले. ज्याला त्यांच्या घरानं पिढ्यानपिढ्या गडी म्हटलं, त्याच्याच दाराशी त्यांचा पणजोबा राबला होता. त्याचंच घर त्यांनी आपलं म्हणून मिरवलं होतं.

मोनालीच्या आईनं दार लोटून घेतलं. "हे बाहेर जायचं नाही."

"जागा रिकामीच ठेवू," खेमराज पुटपुटले. "कोणाचंच नाव नको."

मोनाली उठून उभी राहिली. 

"आई, बाबा, ऐका. तुलसाचे वडील बिसराम गोंड, सौंदड, असंच छापायचं. समाजाच्या सभेत मी स्वतः उभी राहून सांगणार आहे. आणि ते नाव गाळलं, तर माझंही नाव मी त्या पुस्तकात ठेवू देणार नाही."