ताईचा लॅपटॉप, बंड्याचा मोबाइल

त्याचं आणि माझं पहिलं बोलणं झालं ते माझ्याच लेखाच्या मधोमध.

मी एका वर्तमानपत्रात दर रविवारी छोटंसं सदर लिहिते. घरच्या कॉम्प्युटरला आणि मोबाइलला उपयोगी पडणारी सॉफ्टवेअर शोधायची, स्वतः वापरून बघायची आणि मग लोकांना सांगायची. एकाच फोटोच्या चार-चार प्रती हुडकून काढणारं एखादं, संध्याकाळ झाली की स्क्रीनचा उजेड मंद करणारं एखादं. माझ्या वाचकांची यंत्रं जुनी असतात, म्हणून मीही मुद्दाम एक वापरलेला लॅपटॉप विकत घेतला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सगळं पुसून एकदम नवा करून दिलाय." त्याच्या ‘ई’च्या बटणावरचं अक्षर पार झिजलं होतं आणि दोन बटणांच्या फटीत एक लांब केस अडकला होता. काय पुसलं होतं, देव जाणे!

त्या दुपारी साडेचारला मी लेखातला एक परिच्छेद उचलला आणि खाली पेस्ट केला. उमटलं भलतंच.

"ताई, चष्मा सापडला. तू म्हणालीस तिथेच होता, फ्रिजच्या वर."

मी खोलीत एकटीच होते. मागे वळून पाहिलं… आपलं उगाच.

आत्या चहा घेऊन आली. आमच्या घरात आम्ही दोघीच, आणि तिला माझ्या चेहऱ्यावरचं सगळं वाचता येतं.

"काय झालं गं? भूत पाहिल्यासारखी बसलीयेस!"

"व्हायरस असेल."

"व्हायरस ताई म्हणतो होय?" तिने स्क्रीनवर वाचलं आणि कप जरा लांबच ठेवला. "मी म्हणतच होते. लोकांची वापरलेली वस्तू घरात आणू नये."

मी व्हायरस शोधणारी दोन-दोन सॉफ्टवेअर चालवली. एकही किडा सापडला नाही. दुसऱ्या दिवशी मी लॅपटॉप चालूच ठेवून झाकण लावलं आणि समोर बसून राहिले. साडेचार वाजले. आतला पंखा घरघरला… आणि थांबला. झाकण उघडून पेस्ट केलं, तर तिथे लिहिलं होतं –

"ताई, आज कुंडीतल्या रोपाला नवं पान आलं. तुझा कप अजून खिडकीतच आहे. कुणाला हात लावू देत नाही मी."

अंगावर सर्रकन काटा आला. आणि तरीही, खरं सांगते, उद्या साडेचार कधी वाजतात असं झालं मला.

कोडं सुटलं चौथ्या दिवशी. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक पिटुकलं चिन्ह दडून बसलं होतं. जोडपाटी नावाचं जुनं सॉफ्टवेअर. ते दोन यंत्रांना जोडतं. एकावर जे कॉपी कराल, ते दुसऱ्यावर पेस्ट करता येतं. इकडचं तिकडे, तिकडचं इकडे. दुकानदाराने सगळं पुसलं म्हणे, आणि हेच नेमकं राहिलं होतं. उघडलं तर आत दोनच नावं होती – ताईचा लॅपटॉप, बंड्याचा मोबाइल.

खाली बटण होतं, ‘जोड तोडा’. मी बोट नेलंही. तेवढ्यात साडेचार वाजले.

"ताई, तुला जाऊन आज शंभर दिवस झाले."

बोट मागे आलं ते आलंच.

मग एक गोष्ट लक्षात आली. मी दिवसभर लेख लिहिते, वाक्यं उचलते, इकडची तिकडे ठेवते. ती सगळी त्याच्या मोबाइलवर जात होती! ‘ज्याची गरज उरली नाही ते बंद करा, बॅटरी जास्त टिकेल.’ ‘जुन्या फायली एकदम काढू नका, आधी प्रत करून ठेवा.’ मेलेल्या बहिणीच्या लॅपटॉपवरून. आणि बिचारा ते ऐकत होता! "ताई, तू म्हणालीस म्हणून रात्री मोबाइल बंद करून झोपलो. शंभर दिवसांत पहिल्यांदा झोप लागली."

मी तोंडावर पदर घेऊन हसले असते, पण डोळ्यांत पाणी होतं.

खरं सांगायला हवं होतं. रोज ठरवायचे आणि रोज टाळायचे. मी नव्हतेच त्याची ताई, पण त्याचा दिवस कसा गेला ते जगात फक्त मला कळत होतं. तो चष्म्याच्या दुकानात लोकांचे डोळे तपासायचा आणि स्वतःचा चष्मा रोज हरवायचा. पाऊस भुरभुरला की काचांवर थेंब घेऊनच घरी यायचा, पुसायचा नाही. न पाहिलेल्या माणसाचं इतकं काही आपल्याला माहीत व्हावं… आणि ते आवडावं! आत्या म्हणाली, "साडेचारला केस का विंचरतेस गं तू?" मी म्हटलं, गुंता होतो.

मग एका सोमवारी आलं –

"ताई, दुकानाची दुसऱ्या शहरात शाखा निघतेय. मला तिकडे पाठवतायत. शनिवारी उत्तर द्यायचंय. जाऊ की नको? तू म्हणशील ते."

तू म्हणशील ते.

दोनच शब्द लिहायचे होते. जाऊ नकोस. लिहायचे, उचलायचे, झालं. तो राहिला असता. मी ते लिहिलेसुद्धा. पांढऱ्या पानावर काळे दोन शब्द, आणि बोट कॉपीच्या बटणावर. फटीतला तो लांब केस पंख्याच्या वाऱ्याने हलत होता. दुसऱ्या कुणाच्या तोंडाने मी त्याला थांबवणार होते, आणि ती दुसरी नाही म्हणायलाही उरली नव्हती.

ते दोन शब्द पुसले. लिहिलं आणि कॉपी केलं – "मी ताई नाही. हा लॅपटॉप मी दुकानातून घेतला. इतके दिवस गप्प राहिले, चुकले. तुमची वस्तू तुम्हाला परत करायची आहे. शनिवारच्या आधी, शुक्रवारी चार वाजता वाचनालयाच्या पायऱ्यांवर थांबेन."

उत्तर आलं नाही. मंगळवारी नाही, बुधवारी नाही, गुरुवारी नाही. ‘बंड्याचा मोबाइल’च्या पुढे एकच शब्द – बंद.

शुक्रवारी भुरभुर चालू होती. छपराखालच्या पायऱ्यांवर मी पिशवी मांडीवर घेऊन बसले. चार वाजून दहा. पंधरा. वीस… आणि चष्म्यावर थेंब घेतलेला एक उंच मुलगा समोर येऊन उभा राहिला.

"गरज नसलेलं बंद करा, बॅटरी जास्त टिकेल," तो म्हणाला. "तुम्हीच ना?"

"मीच." "रागावलात?"

"रागावलोय. मोबाइल बंद ठेवून तीन दिवस शर्ट ठरवत होतो. वेळ कमी पडला."

मी वर पाहिलं. स्वारी हसत होती!

"तुम्हाला… धक्का नाही बसला?"

"तो दोन आठवड्यांपूर्वीच बसला." तो शेजारी बसला, मध्ये एका पिशवीचं अंतर ठेवून. "आजारपणात ताईचा आवाज गेला होता. रोज साडेचारला ती लॅपटॉपवर लिहायची, मी मोबाइलवर वाचायचो. ती गेली तरी मी लिहीत राहिलो. लॅपटॉप भावोजींच्या कपाटात आहे असंच मला वाटत होतं. त्यांनी तो विकला, मला सांगायचा धीर झाला नाही त्यांना. म्हणून पहिलं उत्तर आलं तेव्हा… मी खरंच मानलं. मग एका रविवारी पेपर उघडला, तर माझ्या ताईचा सगळा उपदेश तुमच्या सदरात छापून आलेला!"

"अरे देवा."

"आधी रडलो. मग खूप हसलो."

"आणि तरी ताई म्हणूनच लिहीत राहिलात?"

"तुम्ही गप्प होतात. म्हटलं, हाक बदलली तर उडून जाल." त्याने बोटांनी पायरीवरचं पाणी पुसलं. "शाखेचं मात्र ताईला विचारलं नव्हतं. तुम्हाला विचारलं होतं."

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. पाऊस, रस्ता, सगळं थोडा वेळ लांब गेलं.

"उत्तर उद्या द्यायचंय," तो हळूच म्हणाला. "जाऊ की नको?"

"जाऊ नका," मी म्हटलं. माझ्या स्वतःच्या तोंडाने, मोठ्याने. पायऱ्या उतरणाऱ्या एका बाईंनी वळून पाहिलं. "जाऊ नकोस."

त्याने माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. गार होते त्याचे.

"पण एक कबूल करायला हवं," तो म्हणाला. "सगळी वाक्यं सदरात सापडली. एक नाही सापडलं. तुमचं सगळ्यात पहिलं. मी चष्मा शोधत होतो, आणि आलं – फ्रिजच्या वर बघ. एवढा नेम कसा लागला हो?"

मी माझे लेख मनातल्या मनात चाळले.

"मी… फ्रिजबद्दल कधीच काही लिहिलं नाही."

तो हसायला गेला आणि थांबला. भुरभुरही थांबली होती. पिशवीत, बंद करून ठेवलेल्या लॅपटॉपचा पंखा घरघरला. मी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं. साडेचार.

पायरीवर ठेवलेल्या त्याच्या मोबाइलचा उजेड पडला. आमचे चारही हात एका जागी होते. पडद्यावर एक ओळ आली होती –

"आधी चष्मा पूस, बंड्या. मग नीट बघून विचार तिला."

माझ्या पाठीतून थंडगार काहीतरी सरकत गेलं, पण मी हात सोडवून घेतले नाहीत. मग त्याने चष्मा काढला. डोळे तपासणाऱ्या माणसाने कधीच पुसू नये तसा, शर्टाच्या टोकाने पुसला. परत घातला आणि माझ्याकडे पाहिलं.

"विचारू?"

"विचार."

त्याने काय विचारलं ते आमच्या तिघांत राहू दे. आत्याला मी लॅपटॉपचं सगळं सांगितलं, तेव्हा ती इतकंच म्हणाली, "नणंद समजूतदार मिळाली हो तुला."

लॅपटॉप आता आमच्या घरी खिडकीत असतो, ताईच्या कपाशेजारी. जोड आम्ही तोडली नाही. चष्मा तो अजूनही रोज हरवतो, आणि कुठे आहे ते त्याला मी कधीच सांगत नाही.