क्लचवरचा पाय

ही गोष्ट खरी आहे. खोटी वाटली तर घानात कुमासीला जा, मॅगझिन नावाच्या गॅरेजांच्या वस्तीत ओफोसू मास्टरचं गॅरेज विचारा आणि त्याला फक्त एकदा हसायला सांगा. पुढचे दोन दात नाहीत. ते कुठे गेले, तेच सांगतो.

रात्र नव्हती. अमावस्या तर नव्हतीच.

शुक्रवारची भर दुपार होती. पत्रे तापलेले, आणि चारी बाजूंनी शेकडो हातोडे बडवत होते. भुताला एकांत लागतो असं ज्यानं ठरवलं, तो मॅगझिनला कधी आला नसणार.

ओफोसूची थोरली बहीण कोनाडू. तिचा नवरा अटाकोरा, वडापचा ड्रायव्हर. या अटाकोरानं अपघातातली एक गाडी स्वस्तात उचलली, ठोकून सरळ करून घेतली, पिवळा रंग मारला आणि मागे मोठ्या अक्षरांत लिहून घेतलं, ‘शत्रूंनो, थकलात का?’

दुसऱ्या दिवशी शनिवार. अटाकोराच्या आईचं दफन होतं, मामपोंगच्या घाटापलीकडे. घरच्या सगळ्या बायका याच गाडीतून जाणार होत्या, आणि कोनाडू पुढच्या सीटवर, नवऱ्याच्या शेजारी.

गाडीत एकच खोट होती. क्लच दाबला की आवाज यायचा.

ची…

अटाकोरा म्हणाला, “मेहुण्या, एवढं बंद कर. दफनाला रडायला माणसं आहेत. गाडीनं रडायची गरज नाही.”

ओफोसूला हे काम म्हणजे चहा पिण्याइतकं सोपं. इंजिन चालू असतानाच आवाज येत असेल तर आतलं बेअरिंग. बंद गाडीतही येत असेल तर पेडलचाच कुठला तरी सांधा कोरडा पडलेला. त्यानं इंजिन बंद केलं आणि हातानं पेडल दाबलं.

ची…

म्हणजे सांधा. पेडल ज्या पिनवर हलतं तिथलं बुश सुकून कडक झालं होतं. ग्रीसचा डबा कुणीतरी पळवला होता, म्हणून समोर मक्याच्या पिठाचे उकडलेले गोळे, केंके, विकणाऱ्या बाईकडून अंगाला लावायचं शियाचं लोणी आणलं आणि तेच चोळलं. पेडल न्हाऊ घातलेल्या बाळासारखं मऊ हलायला लागलं.

आवाज थांबला.

मग पुन्हा आला… जरा खालून.

तिथे पेडलला जोडलेल्या दांडीचा सांधा होता. तिथेही लोणी चोळलं. आवाज थांबला. आणि पुन्हा आला… आता वरून. उरली होती फक्त पेडल मागे खेचणारी स्प्रिंग. ओफोसू उताणा झाला, डोकं पेडलखाली घातलं, पाय दाराबाहेर सोडले आणि स्प्रिंग काढून हातात घेतली. दांडीही सोडवली.

पेडल मेल्यासारखं खाली लोंबलं. बरोबर. आता त्याला वर न्यायला काहीच नव्हतं.

मग ते वर गेलं.

हळू… चढावर मुरलेला ड्रायव्हर क्लच सोडतो, अगदी तसं.

स्प्रिंग ओफोसूच्या मुठीत होती. तो पेडलकडे बघत राहिला. पेडल पुन्हा खाली आलं. पुन्हा वर गेलं. बाहेर अटाकोरा केंकेवालीशी मिरचीवरून हुज्जत घालत होता. गाडीत दुसरं कुणी नव्हतं.

ओफोसूनं पेडल धरायला हात वर केला…

आणि तोंडावर लाथ बसली.

पेडलची नाही. पेडल वर होतं. टाच होती ती, उघडी, खरबरीत. दोन दात तिथेच घशात गेले. एक गिळला, एक थुंकला. दुसरी लाथ नाकावर. तिसरीच्या आत तो सरपटत बाहेर पडला.

अटाकोरा पोट धरून हसला. पेडलचा मार खाल्लेला मास्टर त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिला होता, आणि हे तो संध्याकाळपर्यंत सगळ्या स्टँडवर सांगणार होता.

ओफोसू शर्टानं तोंड दाबून शेजारच्या शेडमध्ये गेला. तिथे ग्याम्फी बसायचा. गाडीचा चेपलेला पत्रा त्यानंच ठोकून सरळ केला होता. ही गाडी आधी कुणाची होती, ओफोसूनं विचारलं. ग्याम्फी जेवत होता. त्यानं घास न थांबवता सांगितलं.

बाफूर नावाचा ड्रायव्हर होता. मामपोंगच्या घाटात उलटला, जागीच गेला. पत्रा कापून माणूस बाहेर काढला, पण डावा पाय क्लचपाशी चुरगळलेल्या पत्र्यात अडकून तुटला. नंतर पत्रा उघडला तर आत नुसती चप्पल.

“आणि पाय?”

“नव्हता.”

“नव्हता म्हणजे?”

“म्हणजे नव्हता. मी काय खाल्ला?”

मग ग्याम्फीनं माशाचा काटा काढत उरलेलं सांगितलं. रस्त्यावर मेलेल्याला घरी न्यावं लागतं, नाहीतर तो तिथेच उभा राहतो. बाफूरचे लोक रीतसर घाटातल्या वळणावर गेले, अंडं फोडलं, जिनची दारू ओतली, नाव घेऊन हाक मारली. घरी चल म्हणाले. सगळं नीट केलं.

“पण गाडी तोवर माझ्याकडे आली होती,” ग्याम्फी म्हणाला. “हाक मारली वळणावर. ज्याला ऐकू गेली तो गेला. जो इथे होता त्याला कोण सांगणार?”

ओफोसूला हसू आलं नाही. त्याच्या डोळ्यांपुढे घाट आला. उतार. पुढच्या सीटवर आक्का. आणि क्लचवर अटाकोराच्या पायाखाली आणखी एक पाय.

तो परत आला, पिन ठोकून काढली आणि पेडलच उपसून हातात घेतलं. आता गाडीत क्लचचं पेडल नव्हतं. नुसती भोकं आणि उघडा पत्रा.

त्या रिकाम्या जागेतून आवाज आला.

ची…

ओफोसूनं पेडल भिंतीपलीकडच्या गटारात भिरकावलं आणि अटाकोरासमोर उभा राहिला.

“दाजी, उद्या दुसरी गाडी करा. आक्का हिच्यात बसणार नाही.”

अटाकोराला आधी कळेना, मेहुण्यानं काय केलंय. कळल्यावर त्यानं पहिला गुद्दा मारला. आई त्याची मेली होती, गाडी त्याची होती, बायको त्याची होती, आणि हा दात पडलेला मेहुणा मध्ये कोण? ओफोसूनंही पाना उचलला. दोघं तेलकट मातीत लोळले. केंकेवालीचं पातेलं उलटलं. गरम केंके दोघांच्या अंगावर पडले आणि बाईनं पळीनं दोघांनाही सारखंच बडवलं.

शेवटी अटाकोरा उठला. कपाळातून रक्त गळत होतं. म्हणाला, “क्लच बसला म्हणून आम्ही काय प्रवासी उतरवतो? बघ आता.”

खोटं नव्हतं ते. इथले जुने ड्रायव्हर पहिला गिअर टाकून सरळ चावी मारतात. गाडी बेडकासारखी उडी घेते आणि चालू लागते. गिअर इंजिनाच्या आवाजावरून टाकायचे. अटाकोराची तर त्यावर छाती फुगायची.

त्यानं चावी मारली. गाडीनं उडी घेतली. निघाली.

खिडकीतून त्यानं ओफोसूकडे बघून दात दाखवले. डावा पाय रिकामा होता. सवयीनं त्यानं तो नेहमीच्या जागी ठेवला… जिथे पेडल असतं तिथे.

त्याचं हसू तसंच राहिलं. डोळे बदलले.

इंजिन मोकळं ओरडलं. क्लच दाबल्यावर ओरडतं तसं. पण दाबायला पेडल कुठे होतं?

गिअरचा दांडा आपोआप दुसऱ्यात पडला आणि अटाकोरा किंचाळला. त्याच्या पायावर कुणीतरी पाय दिला होता. दाबला. सोडला. पुन्हा दाबला. त्याचाच पाय पेडल झाला होता.

तिसरा गिअर.

हाडाचा आवाज हातोड्यांच्या गोंगाटातही ओळखू येतो.

ओफोसू धावला. दार उघडून त्यानं दाजीची बगल धरली आणि ओढलं. घोटा हलेना. मागून ग्याम्फीनं ओफोसूची कंबर धरली. गाडी दोघांना फरफटत नेत होती. पत्र्यावर रक्त होतं, आणि त्या रक्तावर… पाच बोटांचा ठसा. डावा. आत्ता होता, आत्ता नव्हता.

गाडी जुन्या दरवाज्यांच्या ढिगात घुसली. तेव्हा पकड सुटली.

अटाकोरा बाहेर आला. पाय आला नाही. चुरगळलेला पत्रा नंतर कापून उघडला, तर आत नुसता बूट.

दुसऱ्या दिवशी कोनाडू आणि बाकीच्या बायका भाड्याच्या गाडीतून घाट ओलांडून गेल्या. सासूला माती दिली. सुखरूप परत आल्या. अटाकोरा दवाखान्यात होता.

ओफोसूनं पुढच्याच आठवड्यात बाफूरच्या मामाला गाठलं आणि गाडीजवळ आणलं. म्हाताऱ्यानं तिथेच अंडं फोडलं, जिन ओतली आणि पायाला हाक मारली. बाफूरचं राहिलेलं अंग, घरी चल, म्हणाला.

बराच वेळ काही झालं नाही. ग्याम्फी हळूच म्हणाला, एकटा पाय चालणार कसा?

मग गाडीच्या दाराखाली काळ्या तेलकट मातीत एक ठसा उमटला. अनवाणी. डावा.

त्याच्यापुढे दुसरा.

तोही डावा.

एकापुढे एक, दोन माणसांनी मिळून एक चाल चालावी तसे ठसे फाटकाकडे गेले आणि डांबरी रस्त्यावर दिसेनासे झाले. म्हाताऱ्यानं बाटलीतली उरलेली जिन स्वतः पिऊन टाकली.

बाफूरचं गाव घाटापलीकडेच आहे. पायी गेलं तर लांब.

अटाकोरा आता घरी आहे, खुर्चीत. नसलेला पाय दुखतो म्हणतो. डॉक्टर म्हणाले, असं होतं, कापलेला अवयव दुखतोच. ओफोसूनंही तेच मानलं. रोज संध्याकाळी तो दाजीला बघायला जातो, कोनाडूच्या हातचं खातो आणि पायाचं काहीच विचारत नाही.

पण अटाकोरा स्वतःच सांगतो. आधी टाच पोळायची, डांबरावर पोळते तशी. मग पोटरी भरून यायला लागली, चढ लागल्यासारखी.

काल म्हणाला, आता पाय थांबलाय. कुणाच्या तरी दारात उभा आहे, आणि आतून कुणीतरी कडी काढतंय.