वाकड्या चोचीचा पोपट

अंगणातल्या दोरीवर मी भरतकामाचं पांढरं मॅटीचं कापड वाळत घातलं होतं. ते हातानं बाजूला सारून कुणीतरी आत आलं... आणि कापडावर पाच काळी बोटं उमटली.

"रुखवताचं सामान करून देणाऱ्या अर्पिताताई इथंच राह्यतात काय?"

पहिली पाळी सुटल्यावर तो खाणीतून सरळ आमच्याकडेच आला होता. डोळ्यांच्या कडांना काजळ घातल्यासारखी कोळशाची रेघ. वणीत ही धूळ खिडकीत असते, ताटातही असते. पण माझ्या धुतलेल्या कापडावर मी ती कुणाला आणू देत नाही.

"ताई म्हणू नका," मी म्हटलं. "अन् मांगं पाहा, काय करून ठेवलं ते."

त्यानं कापड पाहिलं, मग स्वतःचा हात पाहिला, आणि तो हात हळूच पाठीमागे लपवला. मला हसू आलं, पण मी ते दाखवलं नाही.

त्याचं नाव कपिल. डंपर चालवायचा. बहीण उर्वशी नागपुरात नर्स होती, तिचं लग्न महिन्यावर आलेलं. रुखवतात मांडायला तिच्या हातचं काहीच नव्हतं, कारण तिला सुट्टीच मिळत नव्हती. म्हणून तोरण, बटवा, उशांचे अभ्रे... सगळं माझ्याकडून हवं होतं.

डाग दोनदा धुऊनही निघेना. शेवटी मी त्यावर पेन्सिलनं पोपट काढला. त्या पाच बोटांची पिसं झाली.

"हा तुम्हीच भरायचा," मी सांगितलं. "घरच्या एका माणसाचा तरी टाका लागते रुखवतात."

हा नियम मी त्याच क्षणी तयार केला होता.

मग तो एक दिवसाआड येऊ लागला. आईला "जय भीम, काकू" म्हणायचा, साबणानं हात धुवायचा आणि माझ्यासमोर धरायचा.

"झालो का पास?"

"नखं राह्यली."

"खाणीतबी एवढी तपासणी नाही होत, मॅडम."

"खाणीत पोपट नाही भरत कोणी."

एवढा मोठा डंपर वळवणारी ती बोटं सुईत दोरा ओवताना थरथरायची. साखळी टाका शिकवताना माझं बोट त्याच्या बोटाला लागायचं... आणि मग टाका दोघांचाही चुकायचा.

एकदा आईनं चहा आणला. कपिल कप घ्यायला उठला – आणि कापडही त्याच्याबरोबर उठलं. भरतकामाची रिंग काढून, कापड मांडीवर पसरून त्यानं पोपट भरला होता. थेट पॅन्टसकट. आई तोंडाला पदर लावून आत पळाली.

मी कात्री घेऊन खाली बसले आणि एकेक टाका कापू लागले.

"हलू नका."

"श्वास घेऊ काय?"

"हळूच घ्या."

"अर्पिता..." त्यानं पहिल्यांदाच नुसतं नाव घेतलं. "एखादा टाका राहू द्या."

मी वर पाहिलं नाही. कान मात्र तापले.

रुखवत पूर्ण होत आलं. लग्न झालं की त्याला आमच्याकडे यायचं कारणच उरणार नव्हतं. मला तो आवडत होता, फार आवडत होता, आणि ते सांगायची माझी हिंमत नव्हती. तो तरी बोलेल, असं वाटत होतं... पण लग्नाच्या आदल्या दिवशी खोकं उचलताना तो फक्त "येतो" म्हणाला.

खोक्यात सगळं होतं, फक्त पोपट नव्हता. तो मी शिलाई मशीनच्या खणात ठेवून घेतला होता. चोरीच होती ती, दुसरा शब्द नाही.

लग्न झालं. चार दिवस कुणी आलं नाही. मी खण उघडायची, पोपट बघायची, खण लावायची. पाचव्या दिवशी अंगणात पावलं वाजली. दोरीवर कापड वाळत होतं. कपिल त्याला हात न लावता, वाकून आत आला.

"रुखवतात एक पोपट कमी भरला," तो म्हणाला. "उर्वशी इचारत होती. मी सांगतलं, उडाला असंन."

मी खण उघडून पोपट पुढे केला. चोच वाकडी, डोळा जवळजवळ कपाळावर. "घ्या. चुकून राह्यला."

"चुकून?"

"नाही," मी म्हणून टाकलं. "मुद्दाम ठेवला. तो गेला असता, तर तुम्ही इकडं कायले आले असते?"

त्यानं कापड घेतलंच नाही.

"चार दिवस झाले, मी यायचा बहाणा शोधून राह्यलो," तो हसून म्हणाला. "अन् तो तुमच्या खणात होता." मग जरा थांबून, खाली बघत म्हणाला, "अर्पिता... तुमच्या रुखवतात नवरदेवाच्या हातचा एक पोपट चालंन काय?"

आतली भांड्यांची खडखड एकदम बंद झाली. आई कान देऊन उभी होती.

"चालंन," मी म्हटलं. "पण डोळा उसवून पुन्हा भरा लागंन."

हात स्वच्छच होते, तरी तो सवयीनं नळाकडे वळला. मी सुईत पोपटी दोरा ओवायला घेतला. या वेळी माझीच बोटं थरथरत होती.