चौथ्या मुद्द्यावरची हरकत

नदीकाठच्या चिखलात ती उभी होती. एका हातात लाल झेंडा, दुसऱ्या हातात नकाशा, आणि समोरच्या काठावर... कुणीच नाही. एक गाय होती, पण तिच्याकडे झेंडा नव्हता.

ठरलं होतं ते अगदी साधं. नदी म्हणजे दोन राज्यांची सीमा. पलीकडच्या राज्यात वीज उदंड, आणि अलीकडच्या डोंगरातल्या गावांत तिचा ठणठणाट. म्हणून तिकडून इकडे मोठी लाइन आणायची. त्यांचा शेवटचा टॉवर त्या काठावर, आपला पहिला टॉवर या काठावर, अगदी समोरासमोर, आणि मधे तारा. आज दोन्ही राज्यांच्या नियोजकांनी आपापल्या जागी झेंडा घेऊन उभं राहायचं, एकमेकांना बघायचं आणि घरी जायचं. यात चुकण्यासारखं होतं तरी काय?

ही अलीकडची नियोजक. ऑफिसात तिला ‘मोजपट्टी’ म्हणत, कारण भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं दिसलं तरी तिला चैन पडत नसे. अशी बाई जागा चुकेल? शक्यच नाही. चुकला असणार तो पलीकडचाच.

तणतणत ती जीपमध्ये बसली आणि पुलावर आली. समोरून दुसरी जीप आली, पुलाच्या मधोमध थांबली, आणि तिच्यातून गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला एक उंच तरुण उतरला. त्याच्याही हातात लाल झेंडा होता.

“अर्धा तास हात हलवतोय मी,” तो म्हणाला. “शेवटी कंटाळून एका गुराख्याने उलटा हात केला.”

“जागेवर उभे असतात तर मीही केला असता.”

“जागेवरच होतो की! मोडक्या धक्क्यासमोर.”

“मोडका धक्का?” तिचा आवाज चढला. “अहो, ती माझी जुनी जागा! तुमच्या आराखड्यात टॉवर वरच्या वळणावर होता. तुम्हाला हलवायला नको, म्हणून मीच माझा टॉवर दोन किलोमीटर वर सरकवला.”

तो मान खाजवत म्हणाला, “आणि तुमच्या आराखड्यात टॉवर धक्क्यापाशी होता. तुम्हाला त्रास नको, म्हणून मी माझा दोन किलोमीटर खाली...”

दोघं एकमेकांकडे बघतच राहिले. सीमेवरच्या राज्यांनी एकमेकांचे पाय ओढावेत ही जगाची रीत. इथे दोघांनी एकमेकांसाठी जागा सोडली होती, आणि तीही एकाच आठवड्यात, एकमेकांना एका शब्दाने न विचारता!

“आता काय, तारा तिरक्या नेणार?” तिने विचारलं.

“नेऊ की. टॉवरना मान वाकडी करून उभं करू.”

आणि तो हसला. हसताना त्याच्या डाव्या गालावरचा चिखलाचा ठिपका हलला... आणि का कोण जाणे, तो ठिपका पुसावा असं मोजपट्टीला वाटलं. तिने घाईघाईने नकाशाची घडी घातली. ती चुकीची घातली, हे तिला घरी गेल्यावर कळलं.

आता हा घोळ निस्तरायचा कुणी? इथेच खरी गंमत होती. लाइन राज्यातल्या राज्यात असली तर राज्याने आखायची. सीमा ओलांडली की ती केंद्राची. पण टॉवरचे पाय ज्या जमिनीत रोवायचे ती जमीन पुन्हा राज्याची, आणि लाइन ज्या रस्त्यावरून जायची तो रस्ता नगरपालिकेचा. म्हणजे तारा एकाच्या, पाय दुसऱ्याचे आणि वाट तिसऱ्याची! तेव्हा अशा वेळी सरकार नेहमी जे करतं तेच केंद्राने केलं. समिती नेमली.

समितीच्या अध्यक्ष म्हणजे केंद्राच्या नियोजन खात्यातल्या ‘मोठ्या बाई’. चष्म्यावरून बघायच्या, आणि त्या बघायला लागल्या की भलेभले आकडे विसरायचे. एक मंगळवार सोडून दुसऱ्या मंगळवारी तिसऱ्या मजल्यावर बैठक. लांबलचक टेबल, एका बाजूला अलीकडचं राज्य, दुसऱ्या बाजूला पलीकडचं. मोजपट्टी बरोबर पुलावरच्या त्या तरुणासमोर. त्याच्या शेजारी त्याचे साहेब, जे पहिल्या पाच मिनिटांत मान्यवरांचं स्वागत करत आणि सहाव्या मिनिटाला झोपत.

खरं सांगायचं तर टॉवरची जागा दुसऱ्याच बैठकीत ठरली. धक्का आणि वळण यांच्या बरोबर मधे. पंधरा मिनिटांत काम खलास. मोठ्या बाई म्हणाल्या, “आणखी काही हरकत?”

समोर तो पेन्सिलीशी खेळत होता. आता मंगळवार संपले, असं तिच्या मनात आलं.

“एक आहे,” मोजपट्टी म्हणाली. तिचाच आवाज तिला परका वाटला. “टॉवरचा... रंग.”

“रंग?”

“पलीकडचे राखाडी, आमचे चंदेरी. बरं दिसत नाही ते.”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून बघितलं. पण त्या काही बोलायच्या आतच तो उठून उभा राहिला. “मुद्दा फार गंभीर आहे, बाई. याला किमान एक बैठक लागेल.”

एक नाही, दोन लागल्या. नंतर त्याने नदीवरच्या बगळ्यांच्या उडण्याची उंची काढली. मग हिने त्या उंचीच्या आकड्यांवर शंका काढली. फाइल बाळसं धरायला लागली. बैठक संपली की दोघं खालच्या कॅन्टीनमध्ये मतभेदांवर चर्चा करायला जात, आणि मतभेद तेवढे सोडून बाकी सगळं बोलत.

“तुम्ही साखर किती घेता?” एकदा त्याने विचारलं.

“हा प्रश्न समितीच्या कक्षेत येत नाही.”

“मग उपसमिती नेमू. दोनच सदस्य.”

“आणि अध्यक्ष?”

“तुम्हीच. माझं काय, मी हो म्हणायलाच बसलोय.”

ती लाजली, आणि लाजणं लपवायला इतका मोठा घोट घेतला की जीभ पोळली. बाहेर भुरभुर पाऊस होता. बसस्टॉपपर्यंत त्याची छत्री पूर्ण तिच्यावर आणि तो पूर्ण पावसात. ‘हा माणूस फार आवडायला लागलाय मला,’ तिने स्वतःशी कबूल केलं. स्वतःशीच, कारण त्याने तरी कुठे काही म्हटलं होतं?

आणि मग आत्याचा फोन आला.

आत्याने तिला लहानाचं मोठं केलेलं. डोंगरातल्या गावात तिचा दातांचा दवाखाना. वीज तिथे मनाला येईल तेव्हा येई, मनाला येईल तेव्हा जाई.

“सकाळपासून पोस्टमास्तर आ वासून बसलेत,” आत्या फोनवर कडाडली. “अर्धा दात कोरला आणि वीज गेली! आता धड मिटता येत नाही, धड बोलता येत नाही. मागच्या खोलीत अजून दोघं तसेच. तुमच्या त्या लाइनचं घोडं अडलंय कुठे?”

“अगं, जरा... तांत्रिक मुद्दे आहेत.”

“कसले?”

“रंगाचे,” मोजपट्टी पुटपुटली.

“कोण तो मेला, ज्याला रंग सुचतायत? महिनाअखेरीला केंद्राचा यंदाचा आराखडा बंद होतो म्हणतात. त्यात लाइन नाही आली तर गेलं की वर्ष! एकदा माझ्या खुर्चीत बसव त्याला, दाखवते रंग.”

तिने फोन ठेवला. तो मेला म्हणजे आपणच, हे तिला चांगलं कळत होतं. आपल्या चार मंगळवारांपायी एक अख्खं गाव अंधारात, आणि पोस्टमास्तर आ वासून! तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली.

पुढच्या मंगळवारी मोठ्या बाईंनी विचारलं, “आणखी काही हरकत?”

त्याच्याकडे नवीन कागद तयार होता, बहुतेक बगळ्यांच्या पिल्लांबद्दल. तिने नजर वर न करता म्हटलं, “माझी काही हरकत नाही. पुढच्या वेळी सह्या करू.”

त्याने तो कागद हळूच परत फायलीत सरकवला. “माझीही नाही,” तो म्हणाला. त्या दिवशी कॅन्टीनमध्ये कुणीच गेलं नाही.

सह्यांचा दिवस उजाडला. महिन्याचा शेवटचा दिवस. संध्याकाळी पाचला आराखडा छापायला जाणार होता. सह्यांआधी कारकुनाने दोन्ही बाजूंना एकेक छापील प्रतिज्ञापत्र दिलं. असले कागद कुणी वाचत नाही. मोजपट्टी वाचते. पहिले तीन मुद्दे जमिनीचे, ठेक्याचे. चौथा असा: ‘दुसऱ्या बाजूच्या प्रतिनिधीशी माझा कोणताही जिव्हाळ्याचा संबंध नाही, व नजीकच्या भविष्यात तो होण्याची शक्यता नाही.’

तिचं पेन थांबलं. संबंध... नाहीच. कुणी कुणाला काही म्हटलेलंच नाही. पण शक्यता? ‘नाही’ लिहायचं म्हणजे आपल्याच हाताने दार लावून घ्यायचं. आणि ‘आहे’ लिहिलं, अन् समोरच्याने ‘नाही’ लिहिलं तर? चारचौघांत फजिती! तिने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं.

“बाई,” समोरून आवाज आला. “मला चौथ्या मुद्द्यावर सही करता येत नाही.”

कारकुनाने मान वर केली.

“का?” मोठ्या बाईंनी विचारलं.

तो उभा राहिला. कान लाल झाले होते. “पहिला अर्धा भाग खरा आहे. संबंध नाही. दुसऱ्या अर्ध्याबद्दल... शक्यता आहे की नाही ते त्यांच्यावर आहे. पण माझी इच्छा आहे. फार आहे. पुलावर भेटलो त्या दिवसापासून आहे. तेव्हा शक्यता नाही असं मी लिहून दिलं तर ते खोटं होईल.”

“याचा अर्थ कळतो ना तुम्हाला?” बाईंचा आवाज कोरडा होता. “तुम्ही या कामातून बाहेर. तुमच्या जागी तुमच्या वरिष्ठांची सही. तीन वर्षं राबलात या लाइनवर, आराखड्यात तुमचं नाव कुठेही येणार नाही.”

“कळतो, बाई. लाइन तेवढी पुढे जाऊ दे.” फाइल टेबलावर ठेवून तो बाहेर गेला.

मोजपट्टीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. ते कुणाला दिसू नये म्हणून तिने प्रतिज्ञापत्र तोंडासमोर धरलं, आणि उलटं धरलं.

“साहेबांना उठवा,” मोठ्या बाई म्हणाल्या.

साहेब दचकून उठले आणि सवयीने सर्व मान्यवरांचं स्वागत केलं. त्यांना बिचाऱ्यांना काय घडलं ते कळलंच नाही. दाखवलं तिथे सही केली आणि चहाचं विचारलं.

“आता तुम्ही,” बाईंनी तिच्याकडे बघितलं. “दुसऱ्या बाजूचे प्रतिनिधी आता हे साहेब. चौथा मुद्दा?”

मोजपट्टीने साहेबांकडे बघितलं. पोट सुटलेलं, शर्टावर शाईचा डाग, एक डोळा पुन्हा मिटत चाललेला. सबंध आयुष्यात तिने इतक्या निर्मळ मनाने कशावर सही केली नव्हती.

“यांच्याशी संबंध नाही,” ती म्हणाली, “आणि शक्यता तर अजिबातच नाही!”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला. चार महिन्यांत पहिल्यांदाच. “नशीब आमचं! बगळ्यांवर माझी सत्तावीस पानं खर्ची पडली, माहीत आहे? मला काय दिसत नव्हतं?” आणि त्यांनी फायलीवर शिक्का मारला. पाचाला वीस मिनिटं कमी होती.

तो कॉरिडॉरच्या टोकाला खिडकीपाशी उभा होता, पाठमोरा. तिच्या चपलांचा आवाज ऐकूनही वळला नाही.

“झाली सही?” त्याने विचारलं.

“झाली. लाइन येणार.”

“छान.” तो खिडकीबाहेरच बघत होता. “मी तिथे सगळ्यांसमोर... तुम्हाला अवघडल्यासारखं झालं असेल. उत्तर द्यायलाच हवं असं नाही.”

“तुम्ही बाईंना सांगितलंत, कारकुनाला सांगितलंत, झोपलेल्या साहेबांनासुद्धा सांगितलंत,” ती म्हणाली. “मला कुठे सांगितलंत?”

तो वळला. एवढा टॉवरसारखा माणूस, पण शब्द फुटेना.

“राहू दे,” मोजपट्टी म्हणाली. आता ती थांबणार नव्हती. “मीच सांगते. पुन्हा तू माझ्यासाठी थांबशील, मी तुझ्यासाठी थांबेन, आणि दोघं बसू चार महिने. मला तू आवडतोस. बगळे, रंग, सगळं खोटं होतं... हे खरं आहे. तू फक्त हो म्हण.”

“हो,” तो म्हणाला. मग एवढ्यावर भागलं नाही असं वाटून पुन्हा म्हणाला, “हो, हो.”

ती हसली आणि रडलीही. त्याने खिशातून रुमाल काढला, पण तो पुढे करायचं विसरून नुसता हातात धरून उभा राहिला. तिने तो स्वतःच घेतला, आणि रुमालासकट त्याचा हातही.

मागे खोलीचं दार उघडलं, समिती बाहेर पडायला लागली. लिफ्ट रिकामी उभी होती, तरी दोघं जिन्याने निघाले. तीन मजले, आणि दोघांनाही घाई नव्हती.