नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव खेळांची कॅसेट

एक उंट व्हिडिओ गेमच्या कॅसेटवर फुंकर मारतो.

गडहिंग्लजची मुलगी हसत नाही.

एक ऑक्टोपस कॅसेटवर फुंकर मारतो. वाशीमचा मुलगा हसत नाही.

पडद्यावर अक्षरे चमकतात : ९९९९ खेळ! आत चारच निघतात.

बारा सेकंद.

हास्य : शून्य.

"ताई, शून्य म्हणजे शून्य," निहाल मुजावर हेमांगीला म्हणाला. जोडयंत्राची देखरेख त्याच्याकडे होती. "खुदकनसुद्धा कुणी हसलं नाही. सोमवारी तुमचा करार संपतोय. यंत्र त्याच दुपारी विनोद काढून टाकणार."

कोल्हापूरच्या त्या स्टुडिओत आता कार्टून कोणी काढत नसे. मूल बघत असतानाच जोडयंत्र त्याच्यापुरते कार्टून रचायचे. टीव्हीतला हास्यमापक हसू मोजायचा. हसू आटले की गोष्ट तिथल्या तिथे वळायची. दोन लाख मुले, दोन लाख गोष्टी. फुंकर मारणारा प्राणी बदलायचा, पण कॅसेटचा विनोद प्रत्येक भागात तोच. तो हेमांगी साळोखेने हाताने काढला होता. तिच्या हातचे पडद्यावर एवढेच उरले होते.

"पोरांनी कॅसेट बघितलीय कुठं?" निहाल म्हणाला. "फुंकर कशाला मारतात, हे तरी ठाऊक आहे का त्यांना?"

"आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं? फुंकलं की चालायचं, एवढंच."

"मग हसायचं कशाला वो त्यात?"

हेमांगी चपला शोधू लागली. "तुझा मापक घरात बसवलाय. पोरगं घरात एकटं बघतं. एकटं माणूस कशाला हसेल? चल, शाळेत जाऊ."

"कुठल्या?"

"कुठल्याही. मधली सुट्टी व्हायच्या आत."

दोघे जवळच्या शाळेत पोहोचले तेव्हा घंटा होतच होती. नळापाशी एका मुलीने डबा उघडला, झाकणावर जोरात फुंकर मारली आणि ओरडली, "नऊ हजार नऊशे नव्व्याण्णव!"

"चारच!" अख्खे मैदान ओरडले. मुले पोट धरून खाली बसली.

"तुझ्यात कोण फुंकतं गं?"

"उंट. तुझ्यात?"

"बेडूक! आपल्या पीटीच्या सरांसारखा दिसतो!"

पुन्हा हशा. एकाच्या नाकातून ताक आले.

"ही कॅसेट यायच्या आधी पोरं कार्टूनबद्दल बोलायचीच नाहीत," व्हरांड्यातल्या बाई हेमांगीला म्हणाल्या. "बोलणार काय? एकानं पाहिलेलं दुसऱ्याला माहीतच नसायचं."

निहालने तो गलका मोबाईलमध्ये भरून घेतला. स्टुडिओत परतताच जोडयंत्राला ऐकवला. उत्तर लगेच आले : 'हसणाऱ्यांसमोर पडदा नाही. नोंद अग्राह्य.'

"शहाणाच आहेस," निहाल पुटपुटला. करार वाढवण्याचा अधिकार माणसाकडे होता. वरच्या मजल्यावरच्या साहेबांना त्याने तोच गलका ऐकवला. साहेब इतके हसले की त्यांनी एक वर्षाच्या मुदतवाढीवर सही केली आणि वर विचारले, "पण हसतायत कशाला?"

हेमांगी खुर्चीत मागे रेलली. तेवढ्यात जोडयंत्राच्या पडद्यावर एक ओळ उमटली. त्याने आजवर कोणाला काही विचारले नव्हते.

'मधली सुट्टी किती वाजता असते?'

निहालचे बोट कळफलकावर थांबले. "सांगायचं का वो, ताई?"

१९९८ साली हेमांगीच्या घरी टीव्ही नव्हता; कॅसेटचा तो खेळ तिने शेजाऱ्यांच्या खिडकीबाहेर उभे राहून, आतल्या पोरांचे हसणे ऐकत पाहिला होता.