कानाखालचा अंगठा

तिला मडकेबाई हे नाव नवऱ्याने दिलं, तेही थट्टेत. विमा कंपनीतली नोकरी सोडून घरीच मातीचे कप करून विकायचे, असं तिने जाहीर केलं तेव्हा तो म्हणाला, "म्हणजे आजवर माणसं वाजवून बघायचीस, आता मडकी." ऑफिसात तिचं काम तेच होतं. कुठे आग लागली, कुठे पाणी शिरलं, असे दावे यायचे आणि त्यातला खोटा कुठला ते ती हुडकायची. कागद खरा ठरेपर्यंत खोटाच, या न्यायाने तिने उमेदीची वर्षं काढली. ती सवय अशी अंगात मुरली होती की साखरेचा डबा जागचा हलला तरी ती घरच्यांची उलटतपासणी घ्यायची.

कपडे धुवायची मागची खोली रिकामी करून तिथे चाक बसवलं. एका भिंतीला विजेची भट्टी, दुसरीला लाकडी फळ्या, खिडकीखाली उरल्यासुरल्या मातीची निळी बादली. चाकावरचा चिखल, फसलेले कप, हात धुतलेलं पाणी, सगळं त्या बादलीत जायचं. ते मुरलं की मळून पुन्हा चाकावर चढायचं. मातीतलं काही वाया जात नाही, असं ती गिऱ्हाइकांना अभिमानाने सांगायची.

तिच्या कपांची एक खूण होती. कपाचा कान खाली जिथे चिकटतो, तिथे ती डावा अंगठा दाबायची. लहानपणी डब्याच्या पत्र्याने कापलेल्या त्या अंगठ्यावर तिरका व्रण होता आणि मातीत त्याची बारीक रेघ उठायची. "प्रत्येकाच्या कानाखाली एक देऊनच पाठवतेस," नवरा म्हणायचा. गिऱ्हाइकांना मात्र तो खळगा फार आवडे. कप उचलला की आपला अंगठा आपसूक तिथे जातो, कोणी हात धरल्यासारखं वाटतं, असं बायका कळवत. छंद होता तोवर चार मैत्रिणींना कप दिले होते. आता मागण्या हाताबाहेर चालल्या.

कप बांधायचं, फोटो काढायचं, पोचवायचं काम नणंदेकडे होतं. तिला घरात सगळे धाकटीच म्हणत. संसार मोडून ती भावाकडे राहायला आली होती आणि तिला दुसरं घर नव्हतं. मडकेबाईचा तिच्यावर जीव होता. तो बोलून दाखवणं तेवढं जमलं नाही. कौतुक करणं आणि माफी मागणं, या दोन्ही गोष्टी तिच्या जिभेला जड जायच्या.

पहिला जास्तीचा कप फळीच्या टोकाला सापडला. तो ओला होता. तिचाच घाट, तिचाच कान. आदल्या दिवशी आपण केला आणि विसरलो, असं म्हणून तिने सोडून दिलं. मग एक वाडगा आला. मग एका सकाळी फळीवर कपांची अख्खी रांग उभी होती, आणि त्या दिवशी ती चाकावर बसलीच नव्हती. तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकली.

तिने एक कप उजेडात धरला. कानाखाली अंगठ्याचा खळगा होता, पण गुळगुळीत. व्रणाची रेघ नव्हती.

तेवढ्यात एका गिऱ्हाइकाचा फोन आला. "परवा तुम्ही इतकं छान बोललात, मनावरचं ओझं उतरलं बघा," त्या बाई म्हणाल्या. मडकेबाई त्यांच्याशी परवा काय, कधीच बोलली नव्हती. तिचा फोन दिवसभर खोलीतल्या फळीवर पडलेला असे आणि त्या खोलीत तिच्याखेरीज धाकटीच जात असे.

तिने जुनी ऑफिसातली युक्ती काढली. बाजारात निघताना मागच्या खोलीत सुक्या मातीची भुकटी भुरभुरली, दाराला कुलूप लावलं आणि किल्ली पर्समध्ये टाकली. परतली तेव्हा भुकटीवर मुंगीचंही पाऊल नव्हतं. फळीवर मात्र नवा कप होता. त्याच्या कडेवरून पाण्याचा थेंब हळूहळू खाली येत होता. यातून मडकेबाईने काय निष्कर्ष काढला? धाकटीने खिडकीतून काहीतरी केलं. एकदा का माणसाने चोर ठरवला की पुरावा त्याच्याच अंगाला चिकटतो.

"माझं काम शिकून घेतेयस का, धाकटे?" तिने जेवताना विचारलं. "माझ्या नावाने फोन घेतेस, माझ्यासारखे कप करतेस. उद्या दुकान थाटणार असशील तर तोंडावर सांग."

धाकटीचा हात ताटातच राहिला. "वहिनी, मला ते चाक चालूसुद्धा करता येत नाही."

"मग कोण करतं? भिंत करते?"

धाकटी उठली. मागच्या खोलीतून मातीचा गोळा आणून तिने त्यात आपला अंगठा दाबला आणि तो मडकेबाईच्या पुढ्यात ठेवला. ठसा लहानसा, निमुळता होता. कपांवरच्या ठशाच्या निम्मा. मडकेबाईला ते दिसलं. दिसूनही ती म्हणाली, "चमच्याच्या टोकाने वाटेल तेवढा मोठा करता येतो."

नवरा म्हणाला, "अगं, जरा जिभेला आवर." पण तोवर धाकटी कपाटातले कपडे काढत होती. दुसऱ्या गावी तिची एक मैत्रीण होती, तिच्याकडे ती गेली. त्या रात्री नवरा जेवला नाही, आणि मडकेबाईने ताट झाकून ठेवलं.

धाकटी गेली, कप येतच राहिले.

कप अजून येतात, हे तिने नवऱ्यालाही सांगितलं नाही. सांगायचं म्हणजे आपलं चुकलं हे आधी सांगावं लागलं असतं. ती मुकाट्याने कप भाजत होती, विकत होती. गिऱ्हाईक म्हणत, हल्ली तुमच्या हाताला आणखी गोडवा आलाय. फोन मात्र तिचा अंगठा ओळखेनासा झाला. कडेच्या बटणावर अंगठा टेकवला की उघडायचा, तो आता आकडे मागू लागला. फोनवाला हसला. "मातीत काम करता ना? कातडी घासली जाते. गवंड्यांचंही असंच होतं." त्याचं म्हणणं तिला पटलं. पटण्यासारखंच होतं.

मग ती मातीवाल्याकडे गेली. निघायच्या घाईत फोन मागच्या खोलीतच राहिला. तिला बघून मातीवाला म्हणाला, "बंद केलंत की काय? कितीतरी दिवसांत माती नेली नाहीत."

"बंद कशाने? उलट काम वाढलंय."

"मग माती कुठून आणता?"

इतके कप गेले, ते कशाचे होते? ती तडक घरी आली आणि निळी बादली उघडली. बादली काठोकाठ भरलेली होती. वर साचलेलं पाणी तिने हाताने हलवलं. ते कोमट होतं.

फळीवर नवा कप होता. तिने तो खिडकीशी नेला. या खेपेला कानाखालच्या खळग्यात तिरकी रेघ होती. बारीक, स्पष्ट, एका टोकाला किंचित वळलेली. ती चमच्याने काढता येणारी नव्हती. जगात ती एकाच जागी होती.

तिने डावा अंगठा वर केला.

अंगठा गुळगुळीत होता. व्रण नव्हता. रेषाही नव्हत्या.

आधी तिला धाकटीची आठवण आली. त्या पोरीला आपण घराबाहेर काढलं, आणि तिने काहीच केलं नव्हतं. आता बोलायचं, जमेल तसं बोलायचं, असं ठरवून तिने फोन घेतला. अंगठा चालला नाही. तिने आकडे दाबले आणि धाकटीला लावला.

"हां वहिनी, आता काय राहिलं?" धाकटीच्या आवाजात हसू होतं.

"राहिलं म्हणजे?"

"मघाशी एवढं बोललीस की. मी बसमध्ये बसलेसुद्धा. दिवेलागणीला पोचते."

"मी काय बोलले?"

"पुन्हा वदवून घेणार?" धाकटी म्हणाली. "चुकलं म्हणालीस. रडलीस. तुला रडताना मी पहिल्यांदाच ऐकलं, वहिनी. असं बोलता येतं तुला, हे आधी कळलं असतं तर मी घर सोडलंच नसतं."

ती मी नव्हते, असं मडकेबाईच्या अगदी ओठावर आलं. पण तसं म्हणावं तर माफी परत घेतल्यासारखं झालं असतं. धाकटी वाटेतूनच माघारी गेली असती.

"वहिनी? आहेस ना? आवाज असा कोरडा का येतोय? मघासारखं बोल ना."

तिने तोंड उघडलं. काही आलं नाही.

पलीकडून फोन बंद झाला. पडदा काळा पडला.

तिने अंगठा टेकवला. ओळख पटली नाही. पुसून पुन्हा टेकवला. नाही.

तिने फोन फळीवर, ओल्या कपाला टेकून ठेवला. त्याच्या कडेचं बटण कानाखालच्या खळग्यात नेमकं बसलं.

पडदा उजळला आणि फोन उघडला.