बॅगपाइप, मंगळवारपासून

परदेशातल्या त्या शहरात, सँडरिंगहॅम उपनगरातल्या भारतीय वाणसामानाच्या दुकानात ऋग्वेदानं मेथीच्या शेवटच्या जुडीकडे हात नेला आणि पलीकडून आणखी एक हात आला...

"शंतनू?"

फोटोतल्यापेक्षा तो बराच ओला होता. बाहेर पाऊस होता.

"ऋग्वेदा! कसला योगायोग!"

योगायोगांवरून ऋग्वेदाचा विश्वास उडाला होता. हिल्सबरोच्या फार्मसीत ती प्रत्येक चिठ्ठी दोनदा तपासून औषध देई. माणूस मात्र एकदाही तपासला नव्हता. गेल्या वर्षी 'समछंद' या साइटनं तिला शंभर टक्के आवडी जुळणारा पुरुष शोधून दिला. सगळं जुळलं. त्याचं बायकोशीही छान जुळत होतं, हे नंतर कळलं.

समछंदची रीत सोपी. आपल्या आवडींवर टिचकी मारायची, की तीच आवड असलेल्यांच्या गटात आपली रवानगी. शहराच्या दुसऱ्या टोकाला, अल्बनीत राहणारा हा शंतनू महिन्याभरात तिच्या शब्दकोड्यांच्या, फर्नच्या रोपांच्या आणि जुन्या घड्याळांच्या गटात उगवला होता. गोड लिहायचा. ती त्याच्या मेसेजची वाट पाहू लागली — आणि म्हणूनच घाबरली. तिनं सापळा लावला. ज्याचा आवाज तिला सोसत नाही त्या बॅगपाइप वाद्यावर टिचकी मारली. दोन दिवसांत शंतनू हजर!

"बॅगपाइप कधीपासून आवडतं रे तुला?"

"लहानपणापासून."

"कुठे, साताऱ्यात?"

"...मंगळवारपासून," तो हळूच म्हणाला.

"म्हणजे ठरवून माझ्या मागे!"

"अगं, साइटच विचारते. 'ऋग्वेदाला हे आवडतं, तुम्हालाही आवडेल?' तुझं नाव दिसलं की मी हो म्हणतो. पुढचं वाचतच नाही."

तिचे कान गरम झाले. हेही पाठ केलेलं असेल...

"आणि तू?" त्यानं विचारलं. "शेळ्या मला खऱ्याच आवडतात, आजोळी होत्या. पण तू शेळीपालनाच्या गटात कशी? राहतेस तिसऱ्या मजल्यावर!"

"मला... सुचवलं गेलं."

"कुणी? शेळीनं?"

ती हसली, आणि हसल्याचा तिला रागही आला.

"शंतनू, सगळं जुळणाऱ्या माणसाची मला भीती वाटते. एक खरं सांग. साइटवर कधीच न लिहिलेलं."

त्यानं मेथीच्या जुडीचा दोरा सोडला, परत बांधला. मागच्या ट्रॉलीवाल्या काकू म्हणाल्या, "सांग बाबा लवकर, मला भेंडी घ्यायचीय."

"मला चहा आवडत नाही."

"अजिबात?"

"वाससुद्धा नाही."

काकूंनी कीव आल्यासारखं पाहिलं. ऋग्वेदा मात्र त्याच्याकडे बघतच राहिली. मुलीवर छाप पाडायला मराठी माणूस वाटेल ते सांगेल, पण हे? यात कुणाचा काय फायदा? हे खरंच असणार.

"आई आलीये, सहा महिन्यांसाठी," ती म्हणाली. "रविवारी घरी ये. दारातच कप हातात देईल. मुकाट्यानं प्यायचा."

"म्हणजे खोटं वागू?"

"आईपुरतं." मग कोथिंबिरीकडे बघत, अगदी हळू — "मला तू आवडतोस. पण संशय अजून आहे."

"किती?"

"रविवारपर्यंत पुरेल एवढा."